मुलांच्या वाढीची नोंद कशी ठेवावी: पाय, धड आणि वयात येण्याची वर्षे

मूल किती उंच होईल, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो. त्या उंचीत पायांचा वाटा किती आणि धडाचा किती, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. प्रौढ शरीराची ठेवण, म्हणजे पायांची व हातांची लांबी, खांद्यांची रुंदी, कमरेचा आकार, ही शरीराच्या निरनिराळ्या भागांनी निरनिराळ्या वर्षांत केलेल्या वाढीतून ठरत जाते. पाय मुख्यतः बालपणात आणि वयात येण्याच्या पहिल्या टप्प्यात वाढतात. खांदे, कटिभाग आणि पाठीचा कणा यांच्या वाढीचा मोठा हिस्सा त्यानंतर येतो. कोणत्या वर्षी काय वाढत आहे हे ठाऊक असलेल्या पालकांना आहाराबाबत, आजारपणात आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे याबाबत वेळेवर निर्णय घेता येतो. त्यासाठी एक वही, पोलादी टेप, सुताराचा गुण्या आणि वर्षातून दोन वेळा थोडी सवड एवढेच पुरते.

अशी नोंद ठेवण्याची परंपरा जुनी आहे. फ्रान्समधील काउंट फिलिबेर द माँबेयार यांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली आणि निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ती प्रसिद्ध केली. एकाच मुलाची जन्मापासून तारुण्यापर्यंतची ही पहिली सलग नोंद मानली जाते, आणि वयात येताना उंची एकाएकी झपाट्याने वाढते हे तिच्यावरून आजही स्पष्ट दिसते. एका वडिलांच्या चिकाटीने जे साधले, ते कोणत्याही घरात साधण्यासारखे आहे.

काय वाढते आणि केव्हा

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची लांबी सुमारे ५० सेंटीमीटर असते. त्यातील जवळजवळ एक चतुर्थांश लांबी एकट्या डोक्याची असते. प्रौढ माणसात डोके उंचीच्या सातव्या ते आठव्या हिश्शाइतकेच उरते. डोके आणि धड मिळून बाळाच्या लांबीचा सुमारे दोन तृतीयांश भाग व्यापतात, तर प्रौढात हाच भाग उंचीच्या निम्म्याहून थोडासा अधिक असतो. याचा अर्थ असा की जन्मापासून प्रौढपणापर्यंत डोके व धड यांची लांबी ढोबळमानाने अडीचपट होते आणि पायांची जवळजवळ पाचपट. मेंदूची वाढ आधी उरकायची असल्याने पहिल्या वर्षी डोक्याचा घेर सुमारे ३५ वरून ४६ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि नंतर त्याची गती मंदावते. पायांना मात्र पुढची कित्येक वर्षे भरभर वाढत राहावे लागते.

डॉक्टर जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या खालच्या टोकाशी पुढे लागणाऱ्या हाडाच्या) वरच्या कडेला मध्य धरून शरीराचे वरचा व खालचा असे दोन भाग मोजतात. वरच्या भागाचे खालच्याशी गुणोत्तर जन्मतः सुमारे १.७ असते, तिसऱ्या वर्षी १.३ वर येते आणि आठ ते दहा वर्षांच्या सुमारास दोन्ही भाग सारखे होतात. आठ वर्षांच्या मुलाचे गुणोत्तर तीन वर्षांच्या मुलासारखे राहिले असेल, तर उंची कमी वाटो वा न वाटो, त्याची तपासणी व्हायला हवी.

उंची वाढण्याची गतीही सर्व वर्षे सारखी नसते. पहिल्या वर्षी मूल सुमारे २५ सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी सुमारे १२, आणि चार वर्षांनंतर ही गती वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटरवर स्थिरावते. वयात येण्याच्या आदल्या काळात ती आणखी किंचित कमी होते. वर्गातील काही मुली झपाट्याने उंच होऊ लागतात आणि आपले मूल मात्र ‘थांबले’ असे वाटते, ते बहुधा याच सुमारास. अशा वेळी घाबरण्यापूर्वी वही उघडून गेल्या दोन वर्षांची गती पाहावी.

मोजमाप कसे घ्यावे

दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची लांबी झोपवून मोजतात आणि त्यानंतर उभे करून. आडवे मोजल्यास तेच मूल उभ्यापेक्षा सुमारे ०.७ सेंटीमीटर लांब भरते, म्हणून पद्धत बदलली त्या दिवशी वहीत तसे लिहून ठेवावे. झोपवून अचूक लांबी घेणे घरी अवघड असल्याने या वयातील नोंद लसीकरणाच्या वेळी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत घेतलेली वापरावी. माता व बाल संरक्षण कार्डावर ती असतेच.

उभ्या मोजमापासाठी खाली पट्टी नसलेली सपाट भिंत निवडावी आणि फरशीपासून टेप नेमकी लंबरेषेत चिकटवावी. मुलाचे पाय अनवाणी असावेत. वेणी, अंबाडा किंवा डोक्यावरील क्लिप सोडून ठेवावी. टाचा, नितंब आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला असावा, गुडघे सरळ असावेत आणि नजर समोर असावी, अशी की डोळ्याची खालची कड आणि कानाचे छिद्र एकाच आडव्या रेषेत येतील. मग गुण्याची एक बाजू भिंतीला लावून दुसरी डोक्यावर हलकेच दाबावी आणि आकडा मिलिमीटरपर्यंत वाचावा. मुलाला बाजूला करून पुन्हा उभे करावे, असे तीनदा मोजावे आणि सरासरी लिहावी. हातात धरलेली लवचिक फूटपट्टी किंवा पुस्तक डोक्यावर तिरके ठेवून केलेली खूण यांत एक-दीड सेंटीमीटरची चूक सहज होते, आणि सहा महिन्यांची अपेक्षित वाढच अडीच-तीन सेंटीमीटर असल्यामुळे एवढ्या चुकीने सगळा निष्कर्ष फिरतो. दिवसभर उभे राहिल्याने मणक्यांमधील चकत्या दबतात आणि सकाळच्या तुलनेत संध्याकाळी उंची सुमारे एक सेंटीमीटरने कमी भरते; म्हणून वेळ नेहमी एकच ठेवावी.

दुसरे मोजमाप बसलेल्या उंचीचे. पक्के, सपाट बैठकीचे स्टूल किंवा चौरंग भिंतीला लावून त्यावर मुलाला पाठ टेकवून ताठ बसवावे, मांड्या आडव्या असाव्यात, आणि फरशीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजून त्यातून स्टुलाची उंची वजा करावी. उरते ती डोके व धड यांची लांबी. उभ्या उंचीतून ती वजा केली की पायांची लांबी मिळते. उदाहरणार्थ, नऊ वर्षांच्या मुलाची उंची १३० आणि बसलेली उंची ६८ सेंटीमीटर असेल, तर पायांची लांबी ६२ आणि बसलेल्या उंचीचे प्रमाण सुमारे ५२ टक्के येते. या दोन आकड्यांची वाढ वहीत वेगवेगळ्या रकान्यांत मांडावी, कारण या मार्गदर्शनातील पुढचे जवळजवळ सर्व काही त्यांच्यावर अवलंबून आहे.

तिसरे मोजमाप म्हणजे वाव: दोन्ही हात खांद्याच्या पातळीत आडवे पसरून एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. लहानपणी ते उंचीपेक्षा थोडे कमी असते, वयात येईपर्यंत उंचीएवढे होते आणि पुरुषांत सहसा उंचीपेक्षा किंचित जास्त भरते. हे वर्षातून एकदा घेतले तरी चालते.

आकडे कसे वाचावेत

एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात. ते ज्या सहा देशांतील मुलांवरून तयार झाले त्यांत भारतही होता आणि तेथील नोंदी दिल्लीत घेतल्या गेल्या. पाच ते अठरा वर्षांसाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५ चे तक्ते आहेत, आणि त्यांच्यामागील कामात पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. बालरोगतज्ज्ञांकडे ते मिळतात. तक्त्यावर ३ पासून ९७ पर्यंतच्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे त्याच वयाच्या शंभरांपैकी किती मुले त्याहून बुटकी असतात हे सांगणाऱ्या, रेषा असतात. दहाव्या रेषेवर वर्षानुवर्षे चालणारे मूल निरोगी असू शकते. पंचाहत्तराव्या रेषेवरून दोन वर्षांत पंचविसाव्यावर उतरलेले मूल, ते वर्गात उंच दिसत असले तरी, अधिक लक्ष मागते.

मुलाची रेषा घराण्याला साजेशी आहे का, हे पाहण्याचे गणित सोपे आहे. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करावी. मुलगा असेल तर त्यात १३ मिळवावेत, मुलगी असेल तर १३ वजा करावेत आणि निम्मे करावे. वडील १७० आणि आई १५३ सेंटीमीटर असतील तर मुलाची अपेक्षित उंची १६८ आणि मुलीची १५५ येते, आणि दोन्ही बाजूंना सुमारे ८ सेंटीमीटरचा फरक स्वाभाविक समजला जातो. मात्र आईवडील स्वतःच बालपणी कुपोषित किंवा आजारी राहिलेले असतील, तर हा आकडा मुलाची खरी क्षमता कमी दाखवतो. आपल्याकडे अशी कुटुंबे थोडी नाहीत. ‘आमच्यात सगळे बुटकेच’ या वाक्यावर समाधान मानण्याआधी आजीआजोबांचे आणि आईवडिलांचे बालपण कसे गेले, याचाही विचार करावा.

पायांचा रकाना विशेष बोलका असतो. पहिल्या काही वर्षांत पायांची हाडे सर्वांत वेगाने लांबत असल्यामुळे त्या काळातील उपासमार, वारंवार होणारे अतिसार आणि दीर्घ आजार यांचा फटका धडापेक्षा पायांना अधिक बसतो. जपानमध्ये १९५७ ते १९७७ या वीस वर्षांत नव्या पिढीची उंची लक्षणीय वाढली, आणि ब्रिटिश वाढशास्त्रज्ञ जेम्स टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची फोड केली तेव्हा ती वाढ जवळजवळ सगळी पायांची होती. बसलेली उंची फारशी बदललेली नव्हती. वंश तोच, देश तोच; बदलले होते ते बालपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यांच्या प्रौढ शरीराची ठेवण कोणत्या वर्षी ठरत आहे, हे यावरून ध्यानात यावे.

वयात येताना

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात केव्हाही होऊ शकते. मुलींमध्ये पहिली खूण म्हणजे स्तनाग्राखाली जाणवणारी छोटी, कधी दुखरी गाठ. ती अनेकदा आधी एकाच बाजूला येते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मुलांमध्ये पहिली खूण वृषणांचा आकार वाढण्याची असते आणि ती घरी सहसा लक्षात येत नाही. आवाज फुटणे व मिसरूड या बऱ्याच नंतरच्या गोष्टी आहेत.

हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मुलींची उंची वाढण्याचा वेग सुरुवातीलाच चढतो आणि साधारण अकरा-बाराव्या वर्षी वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटरपर्यंत पोचतो. पहिली मासिक पाळी या शिखरानंतर, स्तनांची वाढ सुरू झाल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी येते, आणि त्यानंतर सरासरी ५ ते ७ सेंटीमीटरच वाढ शिल्लक असते. ‘पाळी आली, आता वाढ सुरू होईल’ ही समजूत म्हणूनच नुकसानकारक आहे. मुलीच्या आहाराकडे खास लक्ष द्यायची वर्षे पाळीच्या आधीची असतात. मुलांचा वेग उशिरा, तेरा-चौदाच्या सुमारास शिखर गाठतो आणि वर्षाला ९ ते १० सेंटीमीटरपर्यंत जातो. स्त्री-पुरुषांच्या सरासरी उंचीत जो सुमारे १३ सेंटीमीटरचा फरक असतो, त्याचा मोठा भाग मुलांना वयात येण्यापूर्वी मिळणाऱ्या दोन जादा वर्षांमुळे पडतो, आणि त्या वर्षांत पायच अधिक वाढत असल्यामुळे पुरुषांचे पाय उंचीच्या मानानेही थोडे लांब राहतात.

शरीराचे सर्व भाग या काळात एकदम वाढत नाहीत. आधी पावले व हाताचे पंजे वाढतात, मग पाय, मग कटिभाग, छाती व खांद्यांची रुंदी, आणि धडाची लांबी सर्वांत शेवटी. एका वर्षात बुटांचे दोन नंबर बदलावे लागले तर वहीत तशी नोंद करावी, कारण उंचीची झेप जवळ आल्याची ती पहिली खूण असते. शाळेच्या पँटची लांबी पुरेनाशी होणे थांबते, तरी शर्ट पुढे वर्षभर आखूड होत राहतो, त्याचेही कारण हेच. मधल्या काळात मूल हातापायांनी लांब आणि अंगाने किडकिडीत दिसते, धडपडते, आरशासमोर खिन्न होते. हे दिवस तात्पुरते आहेत, धड मागाहून येणार आहे, हे त्याला कोणीतरी शांतपणे समजावून सांगितले पाहिजे.

रुंदीतील फरक संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) पडतो. खांद्यांच्या भागातील कूर्चा टेस्टोस्टेरॉन या मुख्यतः पुरुषांतील संप्रेरकाला आणि कटिभागातील कूर्चा इस्ट्रोजेन या मुख्यतः स्त्रियांतील संप्रेरकाला विशेष प्रतिसाद देतात. त्यामुळे मुलांचे खांदे रुंदावतात आणि मुलींचा कटिभाग. मुलींच्या मांड्या व नितंब यांवर येणारी चरबी याच बदलाचा निरोगी भाग आहे आणि त्या वयात तिच्यावरून केलेली टोमणेबाजी अनेक मुलींना अर्धपोटी राहायला शिकवते.

वाढ थांबवण्याचे काम मात्र दोघांमध्येही इस्ट्रोजेनच करते. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. उंची तेथेच वाढते आणि त्या हाडात रूपांतरित झाल्या की कायमची थांबते. १९९४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाची माहिती प्रसिद्ध केली, ज्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही त्याच्या ग्रोथ प्लेट उघड्या होत्या आणि २०४ सेंटीमीटर उंचीवरही तो वाढतच होता. फार लवकर वयात आलेले मूल म्हणूनच आधी वर्गात सर्वांत उंच दिसते आणि शेवटी बुटके राहते, त्यातही त्याचे पाय आखूड राहतात. फार उशिरा वयात येणाऱ्याचे हातपाय धडाच्या मानाने लांब होतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

आठ वर्षांआधी मुलीत किंवा नऊ वर्षांआधी मुलात वयात येण्याची चिन्हे दिसली, अथवा तेरा वर्षांपर्यंत मुलीच्या स्तनांची आणि चौदा वर्षांपर्यंत मुलाच्या वृषणांची वाढ सुरूच झाली नाही, तर थांबू नये. चार वर्षांनंतर वर्षभरात ४ सेंटीमीटरपेक्षाही कमी वाढ झाली, तरीही तसेच. थायरॉईडची कमतरता असलेल्या मुलाचे पाय आखूड राहून ठेवण लहान बाळासारखी राहते, आणि ती वेळीच ओळखल्यास रोजच्या एका गोळीने उपचार होतो. विनाकारण बुटकी राहिलेली मुलगी टर्नर सिंड्रोम या मुलींमधील जन्मजात गुणसूत्रदोषासाठी तपासली जावी. वाव उंचीपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक असेल तर मार्फान सिंड्रोम या शरीरातील जोडऊतींच्या जन्मजात दोषाची शक्यता तपासतात, कारण त्यात हृदयाजवळच्या महाधमनीला धोका असतो. मात्र पाठीचा कणा वाकडा असला किंवा क्षयरोगाने खचलेला असला, तरी उंची कमी होऊन वाव जास्त भासतो. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे एकमेकांना लागणारे असणे स्वाभाविक आहे. सात वर्षांनंतरही ते तसेच असतील तर मुडदुसाची तपासणी करावी.

डॉक्टर बहुधा डाव्या मनगटाचा व हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवतात. बारा वर्षांच्या मुलाच्या हाडांचे वय दहा आले, तर त्याच्यापाशी वाढीचा अवधी शिल्लक आहे. वही सोबत न्यावी. एका भेटीतील मोजमापापेक्षा तीन वर्षांच्या नोंदी डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगतात.

घरी काय करावे, काय टाळावे

वाढीच्या शिखराच्या आसपासच्या दोन वर्षांत प्रौढ हाडांतील खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा साठतो. नाचणी, दूध व ताक, तीळ, डाळी व उसळी, अंडी किंवा मासे, रोजचे ऊन, मैदानी खेळ आणि पुरेशी झोप यांना पर्याय नाही. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या साप्ताहिक गोळ्या मुलींनी व मुलांनीही घ्याव्यात. बुटक्या मुलाला तूप-साखर कोंबून जाडे करणे मात्र टाळावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात आसपासच्या खेड्यांतील नवजात बाळे सरासरी २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी भरली, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीरावर लादलेले वजन उंचीत न जाता पोटावर जाते आणि पुढे मधुमेहाची वाट मोकळी करते.

उंची वाढवण्याच्या भुकट्या, लोंबकळण्याचे व्यायाम आणि बुटांत घालायची उपकरणे यांनी ग्रोथ प्लेटवर काहीही परिणाम होत नाही. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली योग्य वजनाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते, हेही खरे नाही. खरा धोका काही व्यायामशाळांत चोरून दिल्या जाणाऱ्या अ‍ॅनाबोलिक स्टिरॉइडचा, म्हणजे स्नायू फुगवणाऱ्या औषधांचा, आहे: त्यांपैकी अनेकांचे शरीरात इस्ट्रोजेन बनते, ग्रोथ प्लेट अकाली मिटतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलाने कमावलेल्या दंडांची किंमत त्याची उरलेली उंची असते.

मोजमाप मुलाच्या संमतीने, पाहुण्यांसमोर नव्हे तर घरच्यांतच घ्यावे, आणि भावंडांची पाने एकमेकांना दाखवू नयेत. वयात येण्याच्या काळात प्रत्येक वेळी मुलाला कमरेतून पुढे वाकवून मागून पाठ पाहावी. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर कणा वळत असल्याची ती खूण असू शकते, आणि मुलींमध्ये हे वळण झपाट्याने वाढते. पायांचा रकाना स्थिर झाला म्हणून वही बंद करू नये. बसलेली उंची त्यानंतरही काही काळ वाढते, म्हणून सलग दोन सहामाही नोंदींत तिच्यातही बदल दिसेनासा होईपर्यंत मोजत राहावे.